पातळ पाईपच्या वेल्ड जॉइंटचा सिम्युलेशनमधला स्ट्रेस खरा आहे का, ते कसं तपासायचं

गो-कार्टची नाहीतर बाहाच्या (कॉलेजच्या पोरांच्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा) गाडीची फ्रेम सॉफ्टवेअरमध्ये टाकली, लोड दिला, आणि वेल्डच्या कडेला लाल ठिपका येऊन बाजूला ६८० एमपीए लिहून आलं, की पहिल्यांदा करणारा पोरगा घाबरतोच. पाईप तर यील्डला, म्हणजे कायमचा वाकायला, त्याच्या निम्म्यावर जाणारा, मग गाडी अजून उभी कशी? मग कोण सांगतं मेश (मॉडेलचे पाडलेले बारीक तुकडे) मोठा कर, कोण सांगतं तो ठिपका लपव आणि बाकीचा रिपोर्ट दाखव. दोन्ही चूक आहे.

हे लिहिलंय ते इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांसाठी आणि कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नुकतेच डिझाईनला लागलेल्यांसाठी, ज्यांना १.६ ते ३ मि.मी. जाडीच्या पाईपचे जॉइंट बघायचे असतात. आधीच एक सांगून टाकतो, तो लाल आकडा व्हॅलिडेट करायचा नसतोच. स्ट्रेन गेज, म्हणजे पाईप किती ताणला ते मोजणारी चिकटवायची पट्टी, जिथं खरोखर चिकटतो तिथला स्ट्रेन, त्याच जागेचा आणि त्याच दिशेचा मॉडेलमधला स्ट्रेन, एवढीच तुलना करायची. बाकी सगळी खटपट ही तुलना प्रामाणिक व्हावी म्हणून.

लाल आकडा बाजूला ठेवा

मॉडेलमध्ये वेल्डची कडा, म्हणजे टो, जिथं वेल्ड संपून पाईप सुरू होतो, तिथं आपण धारदार कोपरा काढलेला असतो. लिनिअर इलॅस्टिक गणितात असल्या आतल्या कोपऱ्यावर स्ट्रेस अनंत असतो, मेश जेवढा बारीक कराल तेवढा आकडा वर चढतो. स्वतः बघा की, १ मि.मी., मग अर्धा, मग पाव, प्रत्येक वेळी टोवरचा आकडा वाढलेला असेल आणि टोपासून ५ मि.मी. लांबचा आकडा मात्र जागेवर. जो आकडा मेशवर अवलंबून आहे त्याला प्रयोगानं खरा-खोटा ठरवता येत नाही. जो जागेवर राहिला तो तपासण्यालायक.

म्हणून तर वेल्डिंगवाल्यांनी हॉट स्पॉट स्ट्रेसची पद्धत काढली. इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वेल्डिंगच्या शिफारशीत बारीक मेशसाठी टोपासून जाडीच्या ०.४ पट आणि १.० पट अंतरावरचे स्ट्रेस घेतात, पहिल्याला १.६७ नं गुणून त्यातून दुसऱ्याचा ०.६७ पट वजा करतात, आणि जो येतो तो टोवरचा स्ट्रक्चरल स्ट्रेस धरतात. प्लेटसाठी हे झकास आहे. आपल्या २ मि.मी. पाईपला लावलं की अंतरं येतात ०.८ मि.मी. आणि २ मि.मी. आता ०.८ मि.मी.वर गेज चिकटवून दाखवा! १ मि.मी. ग्रिडचा, म्हणजे मोजणाऱ्या जाळीचा, सगळ्यात छोटा गेज घेतला, बॅकिंग कडेनं कापलं, तरी ग्रिडचा मध्य टोपासून दीड-दोन मि.मी.च्या आत आणणं जवळपास अशक्य. पोकळ सेक्शनच्या जॉइंटसाठी सीडेक्ट या आंतरराष्ट्रीय संस्थेची जी मार्गदर्शिका ८ आहे तिच्यात म्हणूनच पहिला बिंदू जाडीच्या ०.४ पट, पण ४ मि.मी.पेक्षा कमी नाही, असं बंधन आहे, आणि तिथले डिझाईन कर्व्हही ४ मि.मी. जाडीपासूनच सुरू होतात. म्हणजे आपल्या पाईपला पुस्तकातलं सूत्र उचलून लावता येत नाही, मोजावं लागतंच.

पीस साधा घ्या

आख्खी फ्रेम तपासायला जाऊ नका, एक टी जॉइंट करा. समजा दीड इंची पाईप, ३८.१ मि.मी. बाहेरचा व्यास, तो कॉर्ड, आणि त्यावर काटकोनात एक इंची, २५.४ मि.मी., तो ब्रेस. दोन्ही २ मि.मी. जाडीचे. दोन्हीचा व्यास सारखा घेऊ नका, कारण मग बाजूला वेल्ड गोलाईवरून खाली उतरतो आणि तिथं गेज लावायला जागाच मिळत नाही.

कॉर्डच्या दोन्ही टोकांना १२ मि.मी. प्लेट वेल्ड करा आणि जाड बेडला बोल्ट करा, उद्यमनगरात जुन्या मशीनचा बेड कुणाच्या ना कुणाच्या शेडमागं पडलेला असतोच. कॉर्ड उभा, ब्रेस आडवा बाहेर आलेला, टोकाला वजन टांगायचं. असं केलं की ब्रेस दोन्ही पाईपच्या प्लेनमध्येच वाकतो, वरच्या बाजूच्या क्राऊनला (कॉर्डच्या लांबीच्या रेघेवरचा वेल्डचा बिंदू) टेन्शन, खालच्याला कॉम्प्रेशन. तोच पीस कॉर्ड आडवा करून बसवला की प्लेनच्या बाहेरचं बेंडिंग मिळतं आणि तापलेली जागा क्राऊनवरून बाजूच्या, कॉर्डच्या गोलाईवरच्या, सॅडलकडं सरकते. एका पीसमध्ये दोन लोड केस. सुरुवात पहिल्यापासून करा, सोपी आहे.

हातानं गणित, हे टाळायचं नाही

२५.४ बाय २ पाईपचा सेक्शन मॉड्युलस साधारण ७९८ घन मि.मी. येतो. टोपासून २०० मि.मी.वर २० किलो टांगले, म्हणजे १९६ न्यूटन, तर टोजवळ नॉमिनल (साध्या बेंडिंगच्या सूत्राचा) स्ट्रेस ४९ एमपीए आणि ई (स्टीलचा इलॅस्टिक मॉड्युलस) २०५ जीपीए धरला तर स्ट्रेन २४० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे लांबीच्या दहा लाखात २४० भाग. टोपासून १०० मि.मी.वर त्याच्या निम्मा, १२०. ब्रेस पूर्ण घट्ट धरलाय असं मानलं तर वजनाच्या जागी तो पाव मि.मी. खाली यायला पाहिजे.

वजन मुद्दाम कमी ठेवलंय. जॉइंटवर स्ट्रेस नॉमिनलच्या तिप्पट झाला तरी १५० एमपीएच्या आसपास राहतो, यील्डपासून लांब. जोर दाखवायला १०० किलो टांगलात की कडेला मटेरियल यील्ड होणार आणि मग लिनिअर मॉडेलशी तुलना करण्यात काही अर्थ उरणार नाही.

डायल गेज लावून तो पाव मि.मी. जरूर बघा. प्रत्यक्षात जास्तच येईल, कारण कॉर्डची पातळ भिंत जॉइंटच्या जागी आत-बाहेर होते आणि ब्रेस मुळातूनच थोडा फिरतो. किती जास्त, ते सांगायचं काम मॉडेलचं. मॉडेलचं डिफ्लेक्शनच जुळत नसेल तर स्ट्रेसकडं जायचंच नाही, आधी फिक्स्चर तपासा, प्लेटखाली दुसरा डायल लावा, कारण मॉडेलमध्ये एका क्लिकवर फिक्स्ड सपोर्ट देता येतो पण शेडमधला बोल्ट तेवढा फिक्स्ड कधीच नसतो.

वेल्ड आणि जाडी मोजा

इथं लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि नेमका इथंच खेळ असतो. जाड प्लेटला वेल्ड म्हणजे कोपऱ्यातली बारीक पट्टी. २ मि.मी. पाईपला सीओटू वेल्डिंगवाला ४-५ मि.मी. लेगचा (वेल्डच्या त्रिकोणाची बाजू) वेल्ड आरामात घालतो, म्हणजे वेल्ड भिंतीच्या दुप्पट जाड! तो वेल्ड नुसता जोडत नाही, जॉइंटला ताठ करतो आणि टो तुम्ही मॉडेलमध्ये काढलेल्या जागेपासून एक-दोन मि.मी. लांब नेऊन ठेवतो. ड्रॉइंगवर ३ लिहिलंय म्हणून मॉडेलमध्ये ३ घालू नका.

दोन्ही लेग क्राऊनवर, सॅडलवर आणि मधल्या पंचेचाळीस अंशांवर मोजा, दोन्ही बाजूंनी. त्याच वेल्डरकडून त्याच सेटिंगवर अजून एक पीस करून घ्या आणि तो क्राऊनमधून उभा कापा, पॉलिश करा, नायटलनं (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं मिश्रण) एच करा. दुसऱ्या गावात यासाठी लॅब शोधत फिरावं लागत असेल, पण कोल्हापुरात बऱ्याच फाऊंड्रीत स्वतःची मेटलर्जी लॅब असते आणि नायटल तिथं रोजच्या वापरातलं, ओळखीनं विचारलंत तर काम होऊन जातं. कापलेल्या तुकड्यावर पेनिट्रेशन किती, आत वेल्डच्या तळाला, म्हणजे रूटला, फट राहिलीय का, टोला अंडरकट (वेल्डनं पाईपला खाल्लेली खाच) आहे का, सगळं उघडं दिसतं. ०.३ मि.मी. अंडरकट ऐकायला किरकोळ वाटतो, पण २ मि.मी. भिंतीचे ते १५ टक्के आहेत.

पाईपची जाडीही मोजा, अल्ट्रासोनिकनं किंवा उरलेल्या तुकड्याच्या टोकाला बॉल एंड मायक्रोमीटरनं. ब्रेसचा नॉमिनल स्ट्रेस जाडीच्या साधारण उलट प्रमाणात बदलतो, पण कॉर्डच्या भिंतीचं स्थानिक बेंडिंग जाडीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात जातं. २ च्या ऐवजी १.९ निघाली तर तिथं स्ट्रेस १० टक्क्यांच्या आसपास वाढला, आणि तुम्ही बसलाय मेशला दोष देत.

मॉडेल

यावर फार बोलत नाही, व्हिडिओ भरपूर आहेत. फक्त शेल की सॉलिड एवढं बघू. शेल मॉडेलमध्ये पाईपचे मधले पृष्ठभाग एकमेकांना छेदतात, वेल्ड नसतोच, आणि स्ट्रेस सगळ्यात जास्त येतो त्या छेदरेषेवर, जी खरं तर वेल्डच्या पोटात आहे. आख्ख्या फ्रेमला शेल चालतो, या कामाला नाही. मोजलेल्या लेगचा वेल्ड काढून क्वाड्रॅटिक सॉलिड घ्या, जॉइंटजवळ एलिमेंट अर्धा मि.मी.च्या आसपास, लांब गेल्यावर मोठे. मेश एकदा अजून बारीक करून बघा, गेजच्या जागेवरचा स्ट्रेन दोन टक्क्यांच्या आत राहिला की पुढं चला.

एक युक्ती: सॉलिडच्या बाहेरच्या पृष्ठभागावर अगदी नगण्य जाडीचा शेल किंवा मेम्ब्रेनचा थर चिकटवा. जॉइंटच्या ताठपणावर काही फरक पडत नाही आणि पृष्ठभागावरचा स्ट्रेन थेट, स्वच्छ वाचता येतो.

गेज कुठं लावायचे

लांबचा गेज आधी. ब्रेसवर टोपासून १०० मि.मी.वर, वर एक आणि खाली एक. इथं जॉइंटचा काही संबंध नाही, हातानं काढलेले १२० यायलाच पाहिजेत, वर अधिक आणि खाली उणे. ते आले नाहीत तर तुमचं वजन, अंतर, वायरिंग किंवा गेज फॅक्टर (रेझिस्टन्सच्या बदलावरून स्ट्रेन काढायचा आकडा) चुकलाय आणि जॉइंटजवळच्या आकड्यांना हात लावायचा नाही.

मग जवळचे. क्राऊनवर कॉर्डच्या लांबीच्या दिशेनं टोला काटकोनात, ब्रेसवर ब्रेसच्या लांबीच्या दिशेनं. क्राऊनची गंमत अशी की पाईप गोल असला तरी लांबीच्या दिशेनं रेघ सरळच, त्यामुळं गेज नीट बसतो. एकाच पट्टीवर पाच ग्रिड असलेला चेन गेज मिळाला तर उत्तम, २ मि.मी. पिचचा, म्हणजे टोकडं स्ट्रेन कसा चढत जातो ती आख्खी चढण मिळते. नाही मिळाला तर १ मि.मी. ग्रिडचे सुटे गेज जरा बाजूबाजूला सरकवून टोपासून साधारण ३, ५ आणि ८ मि.मी.वर.

'साधारण' का म्हणतोय? कारण ठरवलेल्या जागी गेज कधीच बसत नाही. समजा ३ मि.मी.वर ५०० मायक्रोस्ट्रेन आणि ५ वर ४२० आहेत, तर प्रत्येक मि.मी.ला ४० चा उतार, गेज अर्धा मि.मी. सरकला की २० चा, म्हणजे ४ टक्क्यांचा फरक. गेज पुसून परत लावायची गरज नाही. चिकटल्यावर शेजारी स्टीलची पट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढा, ग्रिडचा मध्य टोपासून किती ते मोजा आणि मॉडेलमध्ये तीच जागा वाचा. गेज मॉडेलच्या मागं धावत नाही, मॉडेलनं गेजच्या जागी यायचं.

चिकटवणं आणि वायरी

मिल स्केल घालवा, २२० आणि मग ४०० चा पेपर, पण ग्राइंडर टोला लावायचा नाही, नाहीतर जी भूमिती तपासायचीय तीच बदलेल. ॲसिटोननं पुसा, कापड एकाच दिशेनं, काळं यायचं थांबेपर्यंत. गेजसाठीचा सायनोॲक्रिलेट मिळतो तो वापरा. फेव्हिक्विक त्याच कुळातलं असलं तरी त्याचा थर किती जाड बसेल याचा भरवसा नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये हे काम करत असाल तर पुसल्यावर लगेच चिकटवा आणि वरून कोटिंग द्या, आपल्याकडं पावसाळ्यात दमट हवेनं गेज आणि पाईपमधलं इन्सुलेशन उतरतं आणि रीडिंग तरंगायला लागतं.

गेज ३५० ओहमचा घ्या. १२० ओहमला ५ व्होल्टच्या ब्रिजवर (गेजचा बारीक बदल मोजणारं चार हातांचं सर्किट) ५० मिलीवॉटच्या वर उष्णता होते, १ मि.मी.च्या ग्रिडला आणि खालच्या पातळ भिंतीला ती झेपत नाही. ३५० ला तीच १८ च्या आसपास.

क्वार्टर ब्रिज, म्हणजे चार हातांपैकी एकाच हातात गेज, असेल तर तीन वायरीचीच जोडणी. हे का ते आकड्यात बघा: १२० ओहम गेजला दोन वायरीनं जोडलं, वायरीचा एकूण रेझिस्टन्स १ ओहम, आणि सकाळ ते दुपार शेडमध्ये १० अंश तापलं, तर नुसत्या तांब्याच्या वायरीमुळं १६० मायक्रोस्ट्रेनच्या पुढचा खोटा स्ट्रेन दिसतो. आपला खरा सिग्नल २४० आहे! गेज स्टीलसाठी टेंपरेचर कॉम्पेन्सेटेड असला तरी वायरीचं हे दुखणं त्यानं जात नाही. पत्र्याच्या शेडमध्ये काम असेल तर सकाळी लवकर उरका.

२४० मायक्रोस्ट्रेनला ५ व्होल्टवर फक्त ०.६ मिलीव्होल्ट मिळतात, त्यामुळं ऑनलाईन मिळणारं स्वस्त २४ बिट मॉड्यूल वापरत असाल तर शंट कॅलिब्रेशन केल्याशिवाय एकही आकडा लिहू नका. ३५० ओहम गेजला समांतर ३५० किलोओहमचा प्रिसिजन रेझिस्टर लावला, गेज फॅक्टर २ असेल तर ५०० मायक्रोस्ट्रेन दिसले पाहिजेत. दिसले तर वायरिंगपासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळी साखळी बरोबर.

लोड

जिमच्या प्लेटवर १० लिहिलंय म्हणून ती १० किलोची असतेच असं नाही, जवळच्या किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून घ्या. आधी पूर्ण वजन दोन-तीनदा चढवून उतरवा, म्हणजे बोल्ट, प्लेट, हुक सगळं आपापल्या जागी बसतं. मग ५, १०, १५, २० असं चढवा आणि तसंच उतरवा, प्रत्येक पायरीला रीडिंग. रेघ सरळ यायला पाहिजे आणि वजन काढल्यावर शून्यावर परत, चार-पाच मायक्रोस्ट्रेन इकडंतिकडं चालतं. तुलनेला एक रीडिंग घेऊ नका, त्या रेघेचा उतार घ्या, म्हणजे किलोमागं किती मायक्रोस्ट्रेन, शून्याची गडबड त्यात आपोआप निघून जाते.

वेल्डिंगचे जे रेसिड्युअल स्ट्रेस आत बसलेत ते या गेजला दिसत नाहीत, कारण गेज वेल्ड झाल्यावर चिकटलाय, तो फक्त त्यानंतरचा बदल सांगतो. तुमचं मॉडेलही तेवढंच सांगतं, त्यामुळं तुलना चालते. पण उद्या कुणी विचारलं की टोवर खरा स्ट्रेस किती, तर हा प्रयोग त्याचं उत्तर नाही.

तुलना

मॉडेलमधून काय वाचायचं इथं निम्मे लोक घसरतात. फॉन मिझेस नाही. प्रिन्सिपल नाही. गेजच्या दिशेला लोकल कोऑर्डिनेट सिस्टीम फिरवून त्या दिशेचा नॉर्मल स्ट्रेन, बाहेरच्या पृष्ठभागावर, आणि ग्रिडच्या लांबीवर सरासरी काढून, कारण गेज एका बिंदूचं सांगत नाही, त्याच्या आख्ख्या लांबीची सरासरी सांगतो. स्ट्रेनशी स्ट्रेन. मोजलेल्या स्ट्रेनला ई नं गुणून स्ट्रेस काढून तुलना करायची घाई नको, कारण टोजवळ वेल्ड पाईपला आडव्या दिशेला आकसू-फुगू देत नाही, तिथं स्ट्रेस ई गुणिले स्ट्रेनपेक्षा १० टक्क्यांपर्यंत जास्त असतो. स्ट्रेस पाहिजेच असेल तर दोन दिशांचा रोझेट लावा.

लांबचे गेज ५ टक्क्यांच्या आत आणि जवळचे १०-१५ च्या आत आले तर मी मॉडेल मान्य करतो. हा माझा अंदाजी नियम आहे, कुठल्या कोडमधला नाही. जवळच्या गेजला सगळे आकडे १ टक्क्यात जुळलेले दाखवणारा रिपोर्ट आला की मला उलट शंका येते, कारण हातानं घातलेला वेल्ड एवढा शहाणा नसतो.

जुळलं नाही तर

फरक किती यापेक्षा फरकाचा नमुना बघा.

सगळे गेज एकाच प्रमाणात कमी किंवा जास्त: वजन, अंतर, गेज फॅक्टर, नाहीतर पाईपची जाडी. लांबचे बरोबर आणि फक्त कॉर्डवरचे चुकलेले: कॉर्डची जाडी आणि वेल्डचा लेग, या क्रमानं. टोजवळचा एकच गेज बिघडलाय आणि शेजारचा ठीक: जागा परत मोजा, किंवा त्याच्याजवळ अंडरकट आहे का बघा. वरच्या आणि खालच्या गेजची बेरीज शून्याच्या जवळ येत नाही: वजन सरळ खाली नाही, तिरकं ओढतंय, किंवा ब्रेस वेल्ड होताना ओढला जाऊन काटकोनात राहिलेला नाही. चिन्हच उलटं: वायर उलटी, किंवा मॉडेलमध्ये पाईपचा आतला पृष्ठभाग वाचलाय, पातळ भिंत वाकते तेव्हा आत आणि बाहेर चिन्हं उलटी असू शकतात. चढताना एक रेघ आणि उतरताना दुसरी: फिक्स्चर घसरतंय.

आणि एक, मॉडेलमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती मोजून बदला. लेग ४ चा ४.६ केला कारण कापलेल्या तुकड्यात ४.६ निघाला, हे ठीक. आकडा जुळावा म्हणून ४.६ केला, तर तुम्ही व्हॅलिडेशन केलं नाही, आकडा बसवला.

मग हॉट स्पॉट

हे सगळं जुळलं की मगच मॉडेलला विचारायचं की टोजवळ, जिथं गेज पोचला नाही तिथं काय आहे. आता ०.४ आणि १.० पट जाडीचे बिंदू मॉडेलमधून घ्या, एक्स्ट्रापोलेट करा, आणि रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा की मोजलेलं इथपर्यंत आणि मॉडेलनं सांगितलेलं इथून पुढं. नॉच स्ट्रेसनं जाणार असाल तर लक्षात ठेवा, टोला जी १ मि.मी. त्रिज्येची गोलाई देतात ती ५ मि.मी. आणि त्यावरच्या जाडीसाठी. आपल्यासारख्या पातळ भिंतीला ०.०५ मि.मी. घेतात, आणि तिचा फटीग क्लासही (पुन्हापुन्हा लोड येऊन टिकायची श्रेणी) वेगळा, स्टीलला १ मि.मी.साठी २२५ तर ०.०५ साठी ६३०. एकाचा स्ट्रेस आणि दुसऱ्याचा क्लास अशी खिचडी केली तर जॉइंट कागदावर अमर होतो नाहीतर पहिल्याच दिवशी मरतो.

हॉट स्पॉटची पद्धत टोपासून येणाऱ्या क्रॅकची आहे. पाईपला वेल्ड बाहेरूनच घालता येतो, आतला रूट कुणाला दिसत नाही, आणि कापलेल्या तुकड्यात रूटला फट दिसली असेल तर क्रॅक तिथूनही निघू शकतो, त्याचा हिशोब या पद्धतीत नाही, तो वेगळा करावा लागतो. वेळ आणि पाईप शिल्लक असेल तर तोच जॉइंट दुसऱ्या वेल्डरकडून करून घ्या आणि जवळचे गेज तेवढे परत लावा, दोन वेल्डरमधला फरक तुमच्या मॉडेलच्या चुकीपेक्षा मोठा निघाला तर मेश बारीक करत बसण्यापेक्षा वेल्ड साईज ड्रॉइंगवर कमाल आणि किमान दोन्ही लिहून टाका.